विसावा आणि कुलूप

खालापूरच्या फाट्याजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये आमची कंपनी आहे. कंपनी आपली म्हणायची, माणसं मोजकीच. पुढच्या भागात विजेची पॅनेल तयार होतात, मागे काचेच्या पार्टिशनपलीकडे आम्ही प्रोग्राम लिहिणारे बसतो. आम्ही कंट्रोलर बनवतो. पंप कधी सुरू करायचा, व्हॉल्व्ह कधी बंद करायचा हे ठरवणारा एक छोटा कॉम्प्युटर लोखंडी पेटीत बसवलेला असतो, तो. मी दहिवलीची. रोज स्कूटरवर पळसदरी, खोपोली करत इथं येते. कॉलेज संपल्यापासून दुसरीकडे नोकरी केलेली नाही आणि करावीशी वाटलेली नाही.

माझ्या कामाचा एक भाग आईला समजावून सांगायला मला बरीच वर्षं लागली. प्रोग्राम लिहिण्याआधी मी नियम लिहिते. यंत्राने काय केलंच पाहिजे आणि काय कधीही करता कामा नये, हे तर्काच्या खुणांनी मांडायचं, गणितात समीकरण मांडतो तसं. मग तपासणी करणारा एक वेगळा प्रोग्राम असतो. यंत्रात घटना ज्या ज्या क्रमाने घडू शकतात ते सगळे क्रम तो धुंडाळतो, आणि एखाद्या क्रमात नियम मोडत असेल तर तो क्रम पायरीपायरीने आपल्यापुढे टाकतो. आईला मी शेवटी म्हटलं, "लग्नघरात काय काय बिघडेल ते सगळं आधीच मनात घडवून बघणारी एक आत्या असते ना, तसा तो प्रोग्राम." आईला लगेच पटलं. आमच्याकडे अशी आत्या आहे.

मोहोपाड्याच्या एका रसायन कारखान्यासाठी आम्ही एक कंट्रोलर केला, तेव्हा हे नियम मी पहिल्यांदा मन लावून लिहिले. तिथं एका मोठ्या भांड्यात रसायनं मिसळताना उष्णता तयार होत असे. भांड्यातलं ढवळणं आणि बाहेरून फिरणारं थंड पाणी, दोन्ही चालू असल्याखेरीज आत नवं रसायन सोडायचं नाही. तापमानाचं माप येऊन बराच वेळ झाला असेल, तर ते माप शिळं. शिळी बातमी म्हणजे बातमी नाहीच असं धरायचं. आणि काही गडबड झाली की सगळं थांबवायचं, आणि माणसाने येऊन डोळ्यांनी बघून बटण दाबेपर्यंत थांबूनच राहायचं. हे नियम तपासणीत टिकले, कंट्रोलर बसला आणि आजही नीट चालतो. त्या दिवसांत माझ्या मनात एक विचार सारखा येत होता. ह्या नियमांत भांडं, रसायन, तापमान ही नुसती नावं आहेत. ती काढून टाकली तर खाली जो साचा उरतो, तो दुसऱ्या कुठल्याही यंत्राला बसेल. "हे असल्याशिवाय ते नाही." "शिळी बातमी ती बातमी नाही." "बिघडलं की थांब आणि माणसाची वाट बघ." मी ते साचे वेगळे लिहून ठेवले. ऑफिसात त्याला कुणी फारसं महत्त्व दिलं नाही.

मग एका उन्हाळ्याच्या तोंडावर आमचे सर, म्हणजे कंपनीचे मालक, कर्जतहून एक काम घेऊन आले. कळंबच्या पुढे डोंगराच्या अंगाला एक आदिवासी वाडी आहे. तिला नळयोजना झाली होती. पायथ्याशी नदीकाठी विहीर, तिथून एक पंप पाणी अर्ध्या चढावरच्या टाकीत टाकतो, आणि तिथून दुसरा पंप वाडीच्या टाकीत. आधीच्या ठेकेदाराने बसवलेल्या कंट्रोलरने वरचा पंप जाळला होता, कारण मधली टाकी रिकामी असतानाही तो पंप फिरत राहिला. दुरुस्त करून आणला, पुन्हा जळला. तेव्हापासून वाडीतल्या बाया परत हंडे घेऊन विहिरीवर उतरत होत्या, आणि योजना बंद पडल्यात जमा होती.

"कारखान्याचा प्रोग्राम आहेच आपल्याकडे," सर म्हणाले. "तिथंही पंप, इथंही पंप. नावं बदल, थोडं इकडचं तिकडे कर आणि दे. वेळ कमी आहे."

"सर, प्रोग्राम नको. नियम उचलू या."

"दोन्हीत फरक काय?"

"प्रोग्राम त्या कारखान्याच्या व्हॉल्व्हला चिकटलेला आहे. ओढून काढला तर तुकडे होतील. नियम सुटे आहेत. नियम इथं आणायचे, इथल्या यंत्रावर तपासायचे आणि प्रोग्राम नवा लिहायचा. वेळ तेवढाच लागेल."

 सर स्वतः सोल्डरिंग करत करत मालक झालेले, त्यामुळे कागदावरच्या कामावर त्यांचा विश्वास बेताचा. पण वाडीतला पंप तिसऱ्यांदा जळला तर नाव आपलं जाणार, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. "कर," ते म्हणाले. "पण आधी जागा बघून ये. भाईंना घेऊन जा."

भाई म्हणजे आमचे पॅनेल बनवणारे. त्यांचं घराणं मूळचं श्रीवर्धनकडचं, आजोबांच्या काळापासून खोपोलीत स्थायिक. त्यांच्या पॅनेलमधली वायर इतकी सरळ जाते की बघत राहावं. आम्ही दोघं कळंबच्या पुढे रस्ता संपेपर्यंत टेंपोने गेलो आणि तिथून चढायला लागलो. वाडीच्या पाणी समितीच्या अध्यक्ष बाई आम्हाला अर्ध्या वाटेवरच भेटल्या, त्या विहिरीवरून पाणी घेऊनच परतत होत्या. मी त्यांना काकी म्हणायला लागले. डोक्यावरचा हंडा न उतरवता त्यांनी आमची चौकशी केली.

"मागल्या मानसानंबी मोजमाप घेतली व्हती," त्या म्हणाल्या.

"काकी, मला मापं नकोत. त्या पंपाने काय करायला हवं, ते तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"काय करायचं म्हंजे? टाकीत पानी पायजे."

"आणि पंप जळता कामा नये."

"त्यो तुमचा वांदा, ताई. आमाला पानी पायजे. पंप नाय जळला आन पानीबी नाय आलं, तर त्यो पंप घेऊन आमी करायचं काय?"

भाई हसले. मीही हसले, पण उतरताना ते वाक्य मी मनात घोळवत होते. मोहोपाड्याच्या कारखान्यात थांबलेलं यंत्र म्हणजे सुरक्षित यंत्र. थांबलं तर माल उशिरा निघेल, माणूस मरणार नाही. म्हणून माझे सगळे नियम 'हे कधी होऊ नये' अशा जातीचे होते. काकींचा नियम वेगळ्या जातीचा होता. काहीतरी झालंच पाहिजे, असं तो सांगत होता. परत आल्यावर मी तो सगळ्यांच्या वर लिहिला: वाडीची टाकी रिकामी असेल आणि विहिरीत पाणी असेल, तर पाणी कधी ना कधी वाडीत पोचलंच पाहिजे.

त्याच्याखाली मी जुने साचे मांडायला घेतले, आणि मला सांगायला हवं की तो आठवडा माझ्या नोकरीतल्या सगळ्यात सुखाच्या आठवड्यांपैकी एक होता. एकेक साचा असा बसत गेला की जणू वाडीसाठीच केलेला. ढवळणं चालू असल्याशिवाय रसायन नाही, त्या जागी मधल्या टाकीत पाणी असल्याशिवाय वरचा पंप नाही. वाडीच्या टाकीत किती पाणी आहे ही बातमी वायरलेसने खाली येणार होती, आणि डोंगरात वायरलेस कधी ऐकू येतो, कधी येत नाही. तिथं शिळ्या बातमीचा नियम जसाच्या तसा बसला. ज्या चुकीने आधी दोनदा पंप जळला होता ती चूक तर पहिल्याच नियमाने दाराबाहेर काढली. ज्याला महिने गेले असते ते काम दिवसांवर आलं.

मी तपासणी लावली. पंप वाचवणारे सगळे नियम पास झाले, एकही मोडला नाही. आणि काकींचा नियम नापास झाला.

तपासणीने मोडणारा क्रम पुढ्यात टाकला होता. मी तो वाचला आणि भाईंना हाक मारली. ते हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच घेऊन आले.

"हे बघा भाई. खालचा पंप चालू आहे. लाइट गेली. लाइट गेली म्हणून वरची वायरलेस पेटी बंद, म्हणून टाकीची बातमी शिळी. बातमी शिळी म्हणजे गडबड. गडबड म्हणजे थांब आणि माणसाची वाट बघ. लाइट परत आली. पंप माणसाची वाट बघतोय."

"आणि माणूस डोंगरावर," भाई म्हणाले.

"माणूस डोंगरावर. त्याला ठाऊकच नाही की खाली कुणी त्याची वाट बघतंय."

"म्हणजे दर वेळी लाइट गेली की कुणीतरी उतरून बटण दाबायचं?"

"दर वेळी."

भाईंनी स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. "कारखान्यात हे कधी झालं नाही."

"कारखान्यात जनरेटर आहे. आणि दर शिफ्टला ऑपरेटर बाजूलाच उभा असतो. आपला नियम ह्या दोन गोष्टींच्या जोरावर उभा होता, पण त्या नियमात कुठंच लिहिलेल्या नव्हत्या."

मला निराश वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच. मला इतका आनंद झाला की मी उठून शेडच्या बाहेर एक चक्कर मारून आले. आधीच्या ठेकेदाराने जे दोनदा पंप जाळून शिकायला हवं होतं आणि तरी शिकला नाही, तसं काहीतरी मी खुर्चीत बसून, एक थेंब पाणी न उपसता बघितलं होतं. पंप जळला नसता हे खरं. पण उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी लाइट गेली असती, पंप थांबला असता, आणि बायांनी पुन्हा हंडे उचलले असते. नियम चुकीचा नव्हता. तो ज्या जमिनीवर वाढला, ती जमीन मागेच राहिली होती.

तेव्हा मी थांबण्याच्या नियमाचे दोन तुकडे केले. लाइट गेली किंवा बातमी शिळी झाली, तर पंप थांबेल, पण बिघाड झाला असं धरणार नाही. लाइट स्थिर झाली, ताजी बातमी आली, की आपला आपण सुरू होईल, आधी खालचा, मग जरा वेळाने वरचा, दोन्ही एकदम नाही. ह्याला मी नाव दिलं विसावा. आणि पंपातून पाणी येत नसेल किंवा मोटर जास्त करंट खात असेल, तर मात्र तो थांबेल आणि माणूस येऊन बघेपर्यंत हलणार नाही. हे कुलूप. आणि कुलपाला एक नवा नियम जोडला: कुलूप लागलं की वाडीला कळलंच पाहिजे. भाईंनी लगेच सुचवलं की वाडीच्या टाकीवर लाल दिवा बसवू, चार घरांतून दिसेल असा. वायरलेसची बातमी वर जाईलच. आणि वायरलेसच बंद असेल तर? भाई म्हणाले, "मग दिवा आपणहून लागायला हवा. खालून ख्यालखुशाली येते तोवर विझलेला, येईनाशी झाली आणि तशीच राहिली, की पेटला." मी तेही नियमात घातलं.

पुन्हा तपासणी. काकींचा नियम पुन्हा नापास.

ह्या वेळचा क्रम मजेशीर होता. लाइट येते, पंप ती स्थिर होण्याची वाट बघतो, तेवढ्यात जाते. परत येते, परत वाट बघतो, परत जाते. असं कायमचं. तपासणारा प्रोग्राम खोटं बोलत नव्हता. लाइट अशीच वागत राहिली तर जगातला कुठलाही कंट्रोलर पाणी वर नेऊ शकणार नाही. ह्यावर यंत्रात इलाज नव्हता. इलाज एवढाच होता की आपण काय धरून चाललोय ते उघड लिहायचं: दिवसातून कधीतरी लाइट अमुक इतका वेळ न जाता टिकते. हे वाक्य घातलं आणि नियम पास झाला.

पण ते वाक्य खरं आहे का, हे मला खुर्चीत बसून कळणार नव्हतं. आम्ही पुन्हा वाडीवर गेलो. समितीची माणसं समाजमंदिराच्या ओट्यावर बसली. मी सगळे नियम मराठीत वाचून दाखवले, साध्या वाक्यांत, एकेक करून. विसावा आणि कुलूप समजावलं. काकी मान हलवत होत्या. मग मी म्हटलं, "आता ह्यात आमची कबुली कुठली आणि तुमची कुठली, ते सांगते. पंप कोरडा फिरणार नाही, ही आमची कबुली. लाइट आली की तो आपला आपण सुरू होईल, तीही आमची. पण लाइट टिकली पाहिजे, ते आमच्या हातात नाही. ती टिकते का?"

"दुपारची टिकते," एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. "सकाळची नाय. सकाळची सारखी येते न् जाते."

"दुपारी रोज?"

ते आपसात त्यांच्या बोलीत बोलले, मला त्यातलं अर्धंच कळलं. मग काकींनी निकाल दिला. "पावसात नाय सांगता यायचं. पन पावसात आमाला वढ्याचं पानी असतं. बाकीचं, दुपारची टिकते. आन तुमचा लाल दिवा लागला तर आमी खाली उतरू, ती आमची कबुली."

कुठल्याही कारखान्यात, कुठल्याही मॅनेजरने मला इतकं स्वच्छ उत्तर दिलेलं नाही. मी ते तसंच्या तसं लिहून घेतलं आणि सरांना दाखवलं. सर म्हणाले, "म्हणजे उद्या लाइट नाही म्हणून पाणी नाही आलं, तर ते आपल्यावर येणार नाही." त्यांना ते त्या बाजूने पटलं. मला चाललं.

चाचणीचा दिवस ठरला. योजनेवरचे सरकारी इंजिनिअर साहेब स्वतः आले. दोनदा पंप जळताना त्यांनीच कागद रंगवले होते आणि वरून बोलणीही त्यांनीच खाल्ली होती, त्यामुळे ते आमच्याकडे बघत होते ते दुधाने तोंड पोळलेल्या माणसाच्या नजरेने. नमस्कार झाल्या झाल्या ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही चालवून दाखवू नका. मी बंद पाडून बघतो."

"बघा साहेब," मी म्हटलं.  ते काय काय करू शकतील ते सगळं माझ्या तपासणीच्या आत्याने आधीच करून बघितलं होतं.

साहेबांनी मन लावून काम केलं, हे मान्य करायला हवं. पंप सुरू होत असतानाच मेन स्विच खाली ओढला. परत वर केला आणि पंप हलायच्या आत पुन्हा ओढला. असं बऱ्याचदा केलं. पंपाने दर वेळी विसावा घेतला आणि लाइट स्थिर झाल्यावर आपला आपण उठला. मग त्यांनी आपल्या माणसाला अर्ध्या चढावर पाठवलं आणि मधल्या टाकीचा सेन्सर काढायला लावला. वरचा पंप थांबला. सेन्सर लावला, पंप सुरू. मग वायरलेसची अँटेना काढली. सगळं थांबलं, आणि थोड्या वेळाने वाडीतून कुणीतरी ओरडून सांगितलं की लाल दिवा लागला. साहेब वर बघत राहिले.

"विहीर आटली तर?" त्यांनी विचारलं.

भाईंनी विहिरीवरचा व्हॉल्व्ह फिरवून पंपाचं पाणी तोडलं. खालच्या पंपाने जरा वाट बघितली आणि कुलूप लावून घेतलं. साहेबांनी स्विच बंद-चालू केला. पंप हलला नाही. पुन्हा केला. नाही हलला. "हे लाइटचं नाही, हे बिघाडाचं," मी म्हटलं. "आता माणसाने यायचं." भाईंनी व्हॉल्व्ह उघडला, साहेबांना बटण दाखवलं. त्यांनी स्वतः दाबलं. पंप गुरगुरला आणि चालू झाला.

दुपार झाली होती. आम्ही सगळे वर चढलो. वाडीच्या टाकीखाली नळाच्या कोंडाळ्याभोवती बाया उभ्या होत्या, पण नळाखाली हंडा कुणी लावला नव्हता. ह्याच नळाने त्यांना दोनदा फसवलं होतं. आधी नुसती हवा आली. मग तांबूस पाणी, मग स्वच्छ, आणि जाडजूड धार. एका म्हातारीने धारेखाली हात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. भाई कोपऱ्यात उभे राहून डोळे पुसत होते, आणि मी बघितलं म्हटल्यावर म्हणाले, "घाम आहे, ताई." माझ्या चेहऱ्यावरही बराच घाम होता.

इतक्यात लाइट गेली, आणि ह्या वेळी साहेबांनी घालवलेली नव्हती. खालून पंपाचा आवाज थांबला. बायांनी एकमेकींकडे बघितलं. काकी म्हणाल्या, "विसावा घेतोय त्यो. थांबा." सगळ्या थांबल्या. लाइट आली. काही क्षण काहीच नाही. मग खालचा पंप, मग वरचा.

साहेब माझ्याजवळ आले. "पलीकडच्या वाडीचीही योजना आहे. हाच कंट्रोलर बसवून टाका."

"हाच नको साहेब. नियम हेच. पण आधी तिथलं बघून."

ते हसले. "तुम्ही काही सोडणार नाही," म्हणाले. काम आम्हालाच मिळालं.

परत आल्यावर मी माझ्या साच्यांना हात घातला. प्रत्येक साच्याखाली आता दुसरा भाग लिहिला: हा नियम काय धरून चालतो. माणूस जवळ आहे का, लाइट टिकते का, बातमी किती वेळात पोचते. साचा उचलणाऱ्याने आधी खालचं वाचायचं, ते आपल्या जागी खरं आहे का बघायचं, मगच वरचं घ्यायचं. सरांनी ते एका बैठकीत स्वतः सगळ्यांना वाचून दाखवलं. ज्याचा विश्वास बेताचा होता त्या माणसाने वाचलं म्हणून त्याला वजन आलं. आता आमच्याकडे कुठलंही नवं काम आलं की सर पहिलं विचारतात, "साच्यातलं काय काय बसतंय? आणि काय धरून?"

पलीकडच्या वाडीत विहीर नव्हती. तिथलं पाणी ओढ्यातल्या एका डोहातून उपसायचं होतं. साचे बहुतेक सगळे बसले. मी समितीपुढे वाचून दाखवले आणि विचारलं, "ह्यात काही राहिलं का?"

एक मध्यमवयीन माणूस म्हणाला, "डोहाचं समदं पानी नाय घ्यायचं."

"का? पंप कोरडा पडेल म्हणून? तो नियम आहे."

"त्यासाठी नाय. वढा फुडं खालच्या वाडीला जातो. त्यांची गुरं हायत तिथं. त्यांच्यापुरतं सोडायचं, मंग उरंल ते आमचं. पहिल्यापासून तसंच हाय."

"आणि तुमची टाकी रिकामी असेल तर?"

"तरीबी."

असा नियम माझ्याकडे नव्हता. माझे सगळे नियम आपला पंप, आपली टाकी, आपलं पाणी ह्यांच्याबद्दल होते. हा आपल्या यंत्राच्या बाहेरच्या कुणाबद्दल होता, जो आपल्याला कधी काही मागायलाही येणार नाही. मी त्यांच्याबरोबर डोहावर गेले. त्या माणसाने पाण्यात उतरून एका खडकावर हात ठेवला: पाणी ह्याच्या खाली गेलं की ओढा पुढे वाहत नाही. भाईंनी खडकाच्या उंचीला सेन्सर बसवायची जागा धरली. मी नियम लिहिला, काकींच्या नियमात 'विहिरीत पाणी' होतं तिथं 'डोहात खडकाच्या वर पाणी' केलं आणि तपासणी लावली. वाटलं होतं की दुसऱ्या कुठल्या तरी नियमाशी त्याचं भांडण निघेल. निघालं नाही. सगळे पास झाले, आणि त्या वाडीचा कंट्रोलर पहिल्यापेक्षा कितीतरी लवकर तयार होऊन डोंगर चढला. चाचणीला तेच साहेब आले, पण ह्या वेळी बंद पाडून बघण्याचा त्यांचा उत्साह बराच कमी होता. चहा पिऊन, दोनदा स्विच ओढून, सही करून गेले.

ह्याच हिवाळ्यात खोपोलीजवळच्या एका कारखान्याने आम्हाला बोलावलं. तिथं दोन बॉयलर एकाच पाण्याच्या लाइनवर होते. लाइनवर आधी लागणारा बॉयलर भरपूर पाणी ओढून घेई, आणि लाइनच्या टोकाचा तहानलेला राही. प्रॉडक्शन मॅनेजरांनी मोठा नकाशा पसरला आणि कंट्रोल कसा करणार असं विचारलं. मी साच्यांतून तो एक काढला. पुढच्याचा वाटा सोडल्याशिवाय आपण उचलायचं नाही, आपली टाकी रिकामी असली तरी. तो काय काय धरून चालतो, तेही खाली वाचून दाखवलं. त्यांच्या लाइनला ते सगळं लागू होत होतं.

मॅनेजरांनी दोनदा वाचलं. "साधा आहे, पण बरोबर आहे," ते म्हणाले. "कुठल्या प्लँटला वापरलाय?"

"प्लँट नाही सर. कळंबच्या पुढे डोंगरात एक वाडी आहे. नियम त्यांचा आहे, आम्ही फक्त मांडला."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग भाईंकडे. भाई तोवर टेप काढून भिंतीवर पॅनेलची जागा मोजायला लागले होते.

"मोजा, मोजा," मॅनेजर त्यांना म्हणाले, आणि नकाशा माझ्याकडे सरकवला.